दुरेघी वहीतले पत्र

लेस्टर, दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांना,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल संपल्यावर वहिनींनी भाच्याला विचारले म्हणे, "वन्सं कशावर रागावल्यात का? मी जावळाचे एवढे कौतुकाने सांगत होते, पण त्या एकदाही हसल्या नाहीत." वहिनी, मी हसत होते. बाळ न्हाव्याच्या बोटाला चावले हे ऐकून तर पोट धरून हसावेसे वाटले. ते हसू चेहऱ्यापर्यंत पोहोचले नाही इतकेच. माझ्या या पार्किन्सनच्या आजाराचे आपल्याकडचे नाव कंपवात, त्यामुळे ज्याचा हात थरथरतो तो रोगी, अशी सगळ्यांची समजूत असते. पण हालचाल मंदावते ती साऱ्या शरीराची, त्यात गालांचे आणि कपाळाचे स्नायूही आले. पापण्या कमी वेळा मिटतात, आवाज खाली जातो आणि माणूस मुखवटा घातल्यासारखा दिसू लागतो. इथले डॉक्टरही मुखवटा हाच शब्द वापरतात. तेव्हा यापुढे माझा चेहरा पाहून काही ठरवू नका, मला विचारा. फोनवर हे सगळे सांगायला गेले की संध्याकाळपर्यंत आवाज पुटपुटण्याइतका होतो आणि दादाला तो ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

कागद पाहून दादा तू ओळखले असशील. ऑगस्टमध्ये भाचा आला तेव्हा त्याच्याकडून मी नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानातून सहा दुरेघी वह्या मागवल्या होत्या. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आत्याला पहिलीची वही कशाला लागते, हे त्याला कळेना. या आजारात अक्षर बारीक होत जाते. कोऱ्या कागदावर लिहायला बसले की पहिली ओळ माझी असते, तिसऱ्या ओळीत अक्षर मोहरीएवढे होते आणि पाचवी ओळ मलाच वाचता येत नाही. गंमत अशी की लिहिताना हात पूर्वीइतकाच फिरतो आहे असे मला वाटत असते. किती मोठे लिहायचे याचे माप जे आतून आपोआप मिळते ते चुकू लागलेले असते. दोन रेघा समोर असल्या की डोळे ते माप बाहेरून देतात. आठवते ना, अण्णा रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहून घ्यायचे आणि पट्टी हातात धरून म्हणायचे की मराठी अक्षर ओळीला लोंबले पाहिजे, खुंटीवरच्या टोपीसारखे. इथल्या उपचारिकेला मी ते समजावून सांगितले, तर तिला इतके आवडले की तिने माझ्या वहीचा फोटो काढून घेतला. हे पत्र मी तीन बैठकींत लिहिले आहे, प्रत्येक वेळी गोळी घेतल्यावर पाऊण तासाने, कारण त्यानंतरचे दोन-अडीच तास हात माझे ऐकतो.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर दादा, तू वैद्यांकडून घेऊन ठेवलेल्या कवचबीजाच्या चूर्णाबद्दल लिहिते. तुझी श्रद्धा मी हसण्यावारी नेत नाही. मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोहोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात हे या रोगाचे मूळ आहे, आणि ज्यापासून मेंदू डोपामिन बनवू शकतो ते लेव्होडोपा कवचबीजात, म्हणजे आपल्या खाजकुयलीच्या बियांत, खरोखरच असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये ते त्या बियांतून वेगळे काढून दाखवले होते. पण माझ्या गोळीतही तेच लेव्होडोपा आहे, मोजून घातलेले, आणि ते मेंदूत पोहोचण्याआधीच वाटेत खर्च होऊ नये म्हणून सोबत आणखी एक औषध आहे. चमचाभर चूर्णात किती आहे हे कोणी सांगायचे? दोन्ही एकदम घेतली तर थरथर थांबण्याऐवजी अंग वेडेवाकडे हलू लागेल. चूर्ण पाठवू नकोस. आणि वहिनी, मी आल्यावर गोळीच्या वेळेला लगेच पानावर बसण्याचा आग्रह नको. वरण, दही, पनीर यांतील प्रथिने आणि ही गोळी एकाच दाराने आत शिरायला पाहतात आणि बहुधा गोळी मागे राहते. म्हणून गोळीनंतर तासाभराने जेवायचे, एवढे पथ्य.

खरे सांगायचे तर आजाराशी माझे आता बऱ्यापैकी जुळले आहे. २०१९ मध्ये निदान झाले तेव्हा रडून घेतले. त्याच्या पाच-सहा वर्षे आधीपासून हिंगाची फोडणी करपली तरी मला वास येत नसे. तीही या रोगाचीच चाहूल होती हे नंतर समजले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगावर जो निबंध लिहिला त्यात अवघे सहा रुग्ण आहेत, त्यांतले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाची चाल थांबून पाहायला एका डॉक्टरला सवड होती, याचे मला अप्रूप वाटते. कारण आज मला जे जेरीस आणते ते आजारापेक्षा आजूबाजूच्या यंत्रांची घाई आहे. दवाखान्यात शिरल्यावर आपले नाव काचेच्या पडद्यावर टिपायचे असते. बोट थरथरले की एकाच अक्षराची चार अक्षरे उमटतात, खोडेपर्यंत पडदा कोरा होतो आणि मागची रांग खाकरू लागते. दुकानात आपले सामान आपणच यंत्राला दाखवायचे, आणि पिशवी ठेवायला उशीर झाला की ते यंत्र चोर पकडल्याच्या सुरात ओरडते. फोन केला तर पलीकडे माणूस नसतोच. "आपले म्हणणे समजले नाही" हे वाक्य मी एका दुपारी अकरा वेळा ऐकले. ओटीपी लिहून होईपर्यंत त्याची मुदत संपते. या प्रत्येक गोष्टीने कोणाचा तरी वेळ वाचत असेल, माझा वाचत नाही.

पण या सगळ्यांवर ताण केली ती आपल्या नाशिकच्या बँकेने. अण्णांच्या मागे आपल्या दोघांच्या नावावर जे खाते आहे त्याचा माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, कारण सही जुळत नाही. त्यांच्याकडची सही १९८८ सालची आहे, म्हणजे न जुळणे स्वाभाविकच. माझी तक्रार त्याबद्दल नाही. "मॅडमना जुन्यासारखी सही करायला सांगा," असे जे तिथल्या माणसाने तुला ऐकवले त्याचा मला राग आला, आणि त्याहून अधिक हसू आले. मग त्यांनीच व्हिडिओवरून पडताळणीची सोय सांगितली. भारतातल्या सकाळी अकराला म्हणजे इथे पहाटे साडेपाचला मी शाल पांघरून फोनपुढे बसले. पडद्यावर सूचना आली की पापण्या मिटून दाखवा. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे याची यंत्राला खात्री हवी असते. सकाळची गोळी अजून लागू झालेली नव्हती, आणि पापण्या मिटणे हेच तर माझ्यात कमी झालेले. मी मिटल्या, त्या त्याच्या दृष्टीने फार सावकाश. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. तिसऱ्या खेपेला पडताळणी अयशस्वी झाल्याचे कळवून यंत्र निघून गेले आणि मी अंधारात जिवंत बसून राहिले.

आता अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर दिला तर चालेल असे म्हणतात. तसे करूही. पण अण्णा रात्रशाळेत प्रौढांना सही करायला शिकवायचे आणि ज्याला पहिल्यांदा सही जमेल त्याला पेढा द्यायचे, ते आठवून शाईच्या डबीकडे हात जायला जरा वेळ लागेल.

येण्याचे आता नक्की आहे. रंगपंचमीच्या आठवडाभर आधी पोहोचेन. अपेक्षेहून सोपे काय आणि अवघड काय, हे आधीच लिहिते, म्हणजे तुमची धांदल होणार नाही. दादा, तू म्हणालास की मला गंगेवर, गोदाकाठी, न्यायचे नाही, रामकुंडाच्या पायऱ्या मला झेपायच्या नाहीत. पायऱ्या मला झेपतात. सपाट जागेत, विशेषतः दारात किंवा वळताना, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पायरी समोर दिसली की पाय उचलायला निमित्त मिळते आणि मी चढून जाते. इथे स्वयंपाकघराच्या दारात मी जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचे चार पट्टे लावले आहेत आणि ते ओलांडत जाते, आपल्या वाड्याचा उंबरठा ओलांडावा तशी. अवघड आहे ती सराफ बाजारातली गर्दी आणि मागून वाजणारा हॉर्न. पाय अडले तर मला ओढू नका, पाठीवर हातही ठेवू नका. शाळेतल्या लेझमीचे ठेके मनात धरले की दुसऱ्या-तिसऱ्या ठेक्याला मी आपोआप निघते. "लवकर, लवकर" एवढे मात्र कोणी म्हणू नये. वाक्य बोलताना मी थांबले तर ते पुरे करू नका, मला शब्द आठवत असतो, तो बाहेर यायला वेळ लागतो. रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, उड्या मारणारी पोरे पाहायला वरच्या खिडकीत माझी खुर्ची आताच धरून ठेवा.

मिसळ मी चमच्याने खाईन आणि रस्सा सांडेन. वहिनी, त्यासाठी चांगले ताट काढू नका.

भाच्याला आणखी चार वह्या आणून ठेवायला सांगा, दुरेघीच, आणि रेघा फिक्या असलेल्या नकोत. दुपारच्या गोळीचा अंमल आता उतरत आला आहे, ते शेवटच्या ओळींवरून तुम्हाला दिसतच असेल. खालची सही मी तीन रेघांची जागा घेऊन मुद्दाम मोठी केली आहे. दादा, हे पान बँकेत घेऊन जा आणि त्या माणसाला दाखव.

बाळाला गोड पापा.

तुमची,
धाकटी