मान वीणेचा असतो

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर आवरेना, म्हणून लिहिते आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, 'सम्भावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते', म्हणजे प्रतिष्ठिताला अपकीर्ती मरणाहून जड. तेराव्यात मात्र ज्ञानाच्या लक्षणांत पहिलंच 'अमानित्व', म्हणजे मानाची हाव नसणं. मग मान हवा की नको?

अपकीर्तीचा तो श्लोक (2.34) एकटा वाचू नका, 2.38 पर्यंत सलग वाचा. अर्जुन हातातलं काम टाकून बसलाय, म्हणून कृष्ण आधी लोकलाजेची आठवण देतो. चारच श्लोकांनी लाभ-हानी, जय-पराजय सारखे मानून लढ म्हणतो, म्हणजे तो टेकू काढूनही घेतो. इथला मान कर्तव्याला बांधलेला आहे. काम सोडलं की तोही सुटला. अभिमान काम न करताही पोसता येतो. सोळाव्या अध्यायात तो दंभ-दर्पांच्या पंगतीला, आसुरी संपत्तीत बसलाय.

ज्ञानेश्वर अमानित्वावर लिहिताना नेमका तोच शब्द उचलतात: 'संभावितपणाचें वोझें जया'. प्रतिष्ठेचं ज्याला ओझं वाटतं, तो अमानी. बहुतेकांचं चुकतं ते याच्या पुढे. मान नको, हे चारचौघांत सांगायची सवय लागते, आणि त्या नम्रतेचंच कौतुक हवंसं वाटतं. म्हणून गीतेत 'अमानित्वा'ला लागूनच 'अदंभित्व', म्हणजे देखावा नसणं, येतं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

सप्ताहातली वीणा आठवा. सात दिवस ती खाली टेकवायची नाही; पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वय, जात, पैसा कोणी बघत नाही. वीणा गळ्यात आहे तोवर लोक वाकतात. उतरली की तोच माणूस टाळ घेऊन रांगेत उभा. ते वाकणं स्वतःसाठी होतं असं ज्याला वाटलं, त्याला रांगेत उभं राहणं जड जातं.

याचा अर्थ अपमान मुकाट गिळायचा, असा नाही. कोणी बोललं की आधी बघायचं: काम अडलं का, दुसऱ्या कोणावर अन्याय झाला का? झाला असेल तर त्याच दिवशी, त्याच माणसाला, एकट्याला गाठून स्पष्ट सांगायचं. हा स्वाभिमान. नुसतं मनाला लागलं असेल, तर एक रात्र जाऊ द्यायची.

आई, लग्नाच्या मानपानाचंही यातच येतं. मनुस्मृतीतलं पुष्कळ मला मान्य नाही, पण वाट कोणाला द्यावी ती तिथली यादी बघ: गाडीतला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझं वाहणारा, स्त्री, स्नातक (गुरुकडचं शिक्षण पुरं केलेला), राजा, नवरदेव. ओझेकरी आणि नवरदेव एकाच श्लोकात! तेव्हा कोणाकडून काय यायचं ते लिहूच नकोस. आपण कोणाला काय द्यायचं तेवढंच लिही, आणि त्यात आचारी, वाढपी, मांडववाले घाल. त्यांचा आहेर पंगती उठायच्या आधी हातात दे, मागाहून गडबडीत राहून जातो. विष्णुसहस्रनामात तू रोज म्हणतेसच, 'अमानी मानदो मान्यः': मान न मागणारा, मान देणारा, मग मानाला पात्र. तिथेही 'मान्य' तिसरा आहे.

तुमची,
धाकटी