पुरस्कार नोंदीला द्या, सोहळ्याला नको

संपादक महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, त्यामुळे गावोगावी आनंद झाला आणि तो रास्तच आहे. पण अशा कोणत्याही यादीत कधी न येणारा इतिहास गावाच्या शिवेवर, मारुतीच्या पारापाशी, कुणाच्या माळ्यावरच्या मोडी रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या मोडी लिपीतल्या जुन्या कागदांत, पडून आहे. त्यावर काम करणारी बहुतेक माणसे हौशी आहेत: शिक्षक, शेतकरी, बँकेतून निवृत्त झालेले, महाविद्यालयातली मुले. अशा कामांना वाचनालये, नगरपालिका, प्रतिष्ठाने आता पुरस्कार देऊ लागली आहेत, हे फार चांगले झाले. तो पुरस्कार नेमका कशाला द्यावा, याविषयी हे पत्र.

पुष्कळ ठिकाणी अर्जासोबत कार्यक्रमाचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे, स्मरणिका आणि उपस्थितांची संख्या मागितली जाते. यातून सोहळा किती मोठा झाला ते कळते, काम कसे झाले ते कळत नाही. शिवाय एका गावाला पुरस्कार मिळाला की पुढच्या वर्षी आजूबाजूची गावे तेच करतात. निकष चुकला तर त्याची किंमत दगडांना मोजावी लागते.

वीरगळीचेच, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणशिळेचेच घ्या. साधारण तीन-चार कप्प्यांची ही शिळा खालून वर वाचायची असते. तळाच्या कप्प्यात लढाई किंवा पळवलेल्या गाई सोडवताना आलेले मरण, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर, आणि माथ्याशी कलश व चंद्रसूर्य. गावकरी मोठ्या भक्तीने ही शिळा शेताच्या बांधावरून उचलून देवळापुढे आणतात आणि पक्की बसावी म्हणून सिमेंटच्या ओट्यात रोवतात. हातभर भाग ओट्यात जातो आणि तो असतो नेमका तळाचा कप्पा. गाई होत्या की घोडेस्वार, एक वीर पडला की अनेक, हे सांगणारी एकमेव जागा कायमची झाकली जाते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर तळाला गलबतांच्या रांगा आणि वल्ही कोरलेली आहेत. शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या संघर्षातल्या समुद्रयुद्धाशी त्या शिळांचा संबंध अभ्यासकांना जोडता आला तो या तळच्या कप्प्यांमुळेच.

गधेगळाचे नुकसान दुहेरी होते. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचे गाढवाचे शिल्प, अशी त्याची रचना. तळ गाडला गेला की तो गधेगळ आहे हेच ओळखू येत नाही. दुसरे असे की हा दगड पुष्कळदा दान दिलेल्या जमिनीच्या हद्दीवर उभा असतो. तो दोनशे पावले हलवला तर लेख वाचता येतो, पण जमीन कोणती ते कळत नाही. मराठीच्या आरंभीच्या लेखांत ज्याचे नाव हटकून येते, तो अलिबागजवळचा अक्षीचा लेखही गधेगळावरच आहे.

मग ऑईल पेंट. रंग सुकून पोपडे धरतो तेव्हा दगडाचा झिजून ठिसूळ झालेला वरचा थर घेऊनच निघतो, आणि उथळ अक्षरे आधी रंगाने बुजतात, मग रंग काढणाऱ्या तारेच्या ब्रशने पुसली जातात. अ‍ॅसिडने धुणे त्याहून वाईट. शेंदराची गोष्ट निराळी आहे. ती पूजा आहे, आणि पूजेत राहिल्यामुळेच कित्येक शिळा वाचल्या. पुजाऱ्याशी बोलावे, शेंदूर आपण होऊन खरवडू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे की दगडाला हात लावण्याआधी त्याची नोंद झालीच पाहिजे आणि पुरस्कार त्या नोंदीला मिळाला पाहिजे. त्यासाठी एका शिळेला एक पान पुरते. क्रमांक, गाव, वाडी, गट क्रमांक, जीपीएसचे आकडे दशांश चिन्हानंतर पाच स्थळांपर्यंत, जमिनीवर दिसणारी उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये, दगड काळा की जांभा, तोंड कोणत्या दिशेला, कप्पे किती आणि प्रत्येकात काय दिसते. सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘पूर्वी कुठे होती’ हा, आणि तो नेमका कोराच राहतो. तो गावातल्या दोन वृद्धांना वेगवेगळे विचारून भरावा, कारण एकत्र बसवले की दुसरा पहिल्याच्या होला हो मिळवतो. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहावीत.

फोटोत शिळेला टेकून मोजपट्टी हवी. भर दुपारी काढलेल्या फोटोत कोरीवकाम सपाट दिसते, म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर काढावा. अक्षरे पुसट असतील तर अंधार पडल्यावर एकाने टॉर्च शिळेच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरावा आणि दुसऱ्याने समोरून फोटो घ्यावा. मग टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून फिरवून तेच पुन्हा करावे. एका बाजूच्या उजेडात न दिसलेला काना दुसऱ्या बाजूने दिसतो. अक्षरांत खडू, पीठ किंवा हळद भरू नये. भरलेली रेघ ही वाचणाऱ्याने ठरवलेली रेघ असते, आणि पुढच्या अभ्यासकाला फोटोत दगडाऐवजी तीच मिळते. शाईचा ठसा घेण्याचे काम शिकलेल्या माणसाचे आहे. ओल्या कागदावर शाई जास्त झाली की ती पाझरून दगडाला लागते.

परीक्षकांसाठी कसोटी सोपी आहे. नोंदवहीतली कोणतीही पाच पाने काढावीत, गावातल्या कुणालाही न विचारता केवळ त्या पानांवरून शिळेपाशी पोचता येते का ते पाहावे आणि मापे ताडून बघावीत. पाचपैकी दोन सापडल्या नाहीत तर सुबक स्मरणिका असली तरी काम अपुरे समजावे.

बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या बाबतीत आणखी एक अट हवी: साफसफाईनंतर परीक्षकांची पाहणी एक पावसाळा गेल्यावरच. उत्साहाने दोन पंप लावून बारव एका दिवसात कोरडी केली की आतल्या पाण्याचा आधार जातो आणि मागची भिजलेली माती भिंत आत ढकलते. चुन्याविना रचलेले दगड त्याने फुगतात, पुढच्या पावसात ढासळतात. पाणी थोडे थोडे उतरवावे आणि काम एप्रिल-मेमध्ये, माती सुकलेली असताना काढावे. सांध्यात रुजलेला पिंपळ-उंबर ओढून उपटला तर मुळीबरोबर दगड येतात. तो बुंध्याशी कापून, फुटवे वारंवार खुडत मूळ जागीच मरू द्यावे. गाळात मूर्ती किंवा नाणी सापडली तर निघाल्या जागी फोटो, खोलीची नोंद आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे. भूमिगत निधीविषयीचा १८७८ चा कायदा जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देणे बंधनकारक करतो, आणि देवळात नेऊन ठेवलेली मूर्ती पुढे चोरीला गेली तर फोटोशिवाय तक्रारीतही जीव राहत नाही. बारव संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय यातले काहीच करता येत नाही.

माणसांच्या आठवणी नोंदवणाऱ्यांना पुरस्कार क्वचितच मिळतात, कारण त्यांच्याकडे उद्घाटन करण्यासारखे काही नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या कामाचे मोठेपण संख्येइतकेच या गोष्टीत आहे की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले गेले. ‘एका वृद्धेने सांगितले’ असे लिहिणाऱ्या पुस्तकाला गुण कमी मिळावेत. आधी संमती, तीही लेखी, आणि नाव नको असेल तर तसा उल्लेख. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर. फाइल एमपीथ्रीत न ठेवता वेव्हमध्ये ठेवावी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो अशी तासाची फाइल साधारण ५२० एमबी होते, म्हणजे जागेचे कारण आज उरलेले नाही. प्रती तीन, त्यातली एक गावाबाहेर.

जुन्या कागदांबद्दल एवढेच: लॅमिनेशन, सेलोटेप आणि स्टेपल या तीन गोष्टी दिसल्या तर अर्ज बाजूला ठेवावा. रुमालातल्या कागदांचा क्रम मोडू नये, फोटोत प्रत्येक पानाशेजारी क्रमांक असावा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून असेच कागद मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड छापले. त्याला शतक उलटले, तरी माळ्यांवरचे रुमाल संपलेले नाहीत.

गावोगाव जाऊन तपासणी शक्य आहे का, असे विचारले जाईल. २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात समित्या प्रत्यक्ष गावात जाऊन गुण देत आल्या आहेत. तीच शिस्त इथे आणता येईल. रक्कम दोन हप्त्यांत द्यावी: निम्मी निकालाच्या दिवशी, निम्मी नोंदवहीच्या प्रती ग्रामपंचायत, तालुक्याचे वाचनालय आणि जिल्ह्याचे संग्रहालय किंवा संशोधन मंडळ या तिघांकडे पोचल्याच्या पोचपावत्या दाखवल्यावर. नाही तर काम करणारा माणूस गेला की त्याची हार्ड डिस्क कपाटात राहते आणि तिचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो.

दिवाळीनंतर गवत सुकले की शिळा मोकळ्या दिसू लागतात. ज्या संस्था यंदा अर्ज मागवणार आहेत त्यांनी अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘पाच नोंदी प्रत्यक्ष तपासल्या जातील’ ही एक ओळ छापावी, म्हणजे मंडळी हंगामाच्या सुरुवातीलाच मोजपट्टी घेऊन बाहेर पडतील.

आपले,
वीरगळी, बारवा आणि मोडी कागदांची नोंद करणारे काही कार्यकर्ते