विषय: 'प्रिपोझिशननंतरचे सर्वनाम' या सराव संचातील चुकीची उत्तरे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आमच्या क्लासने आपल्या इंग्रजी व्याकरण अ‍ॅपचे वार्षिक सदस्यत्व घेतले आहे. वरील संचात बरोबर उत्तरांना शून्य आणि चुकीच्या उत्तरांना गुण मिळत आहेत.

प्रश्न ७: 'बिटवीन यू अँड ___'. आपले उत्तर 'आय'. प्रिपोझिशननंतर ('टू', 'बिटवीन' असे शब्द) सर्वनामाचे कर्मरूपच ('आय'चे 'मी', 'वी'चे 'अस') येते. इथे 'मी' हवे (इंग्रजीतले, एम-ई). 'अँडनंतर आय लिहा, ते सभ्य दिसते' ही आपली सूचना तर फारच घातक आहे. 'राहुल अँड आय' कर्त्याच्या जागी ठीक. मुले तेच पाठ करून सगळीकडे चिकटवतात. जोडीतले पहिले नाव झाकले की चूक कळते: 'द टीचर गेव्ह द बुक्स टू स्नेहा अँड आय' यात उरते 'टू आय', आणि तिथेच कान अडखळतो. 'बिटवीन'ला दोघे लागतात, म्हणून तिथे अख्ख्या जोडीऐवजी 'वी' किंवा 'अस' घालून पाहावे. 'बिटवीन वी' कोणी म्हणत नाही.

मराठी स्पष्टीकरणानेही घोळ वाढवला आहे. 'तू आणि मी यांच्यात' या रचनेत विभक्तीचा भार 'यांच्यात'वर पडतो, सर्वनामे मूळ रूपात राहतात आणि मूल सरळ 'आय' निवडते. 'तुझ्यात आणि माझ्यात' दिले असते तर रूप बदलते हे आपोआप दिसले असते.

प्रश्न १२ मध्ये उलटी चूक: 'गिव्ह द फॉर्म टू ___ कम्स फर्स्ट'. आपण 'हूमेव्हर' धरले. इथे 'टू'चे कर्म म्हणजे पुढचे संपूर्ण उपवाक्य. त्यातल्या 'कम्स'ला कर्ता लागतो, म्हणून 'हूएव्हर'.

प्रश्न १५ मध्ये 'टॉलर दॅन मी' चूक ठरवले आहे. 'दॅन' उभयान्वयी (दोन वाक्ये जोडणारे) मानले तर 'आय', प्रिपोझिशन मानले तर 'मी'. दोन्ही मान्य आहेत, बोलण्यात तर 'मी'च अधिक. अर्थ खरोखर बदलतो तो 'ही लाइक्स यू मोअर दॅन आय' (मला तू जितका आवडतोस त्याहून जास्त) आणि 'दॅन मी' (त्याला मी जितका आवडतो त्याहून जास्त) यांत. विचारायचे तर ते विचारा.

तिन्ही उत्तरे व प्रश्न ७ ची सूचना दुरुस्त करावी, जुने गुण पुन्हा मोजावेत आणि संच सोडवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुरुस्ती कारणासह कळवावी. १५ दिवसांत हे न झाल्यास उर्वरित मुदतीचे शुल्क परत करावे. अन्यथा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू. तिन्ही प्रश्नांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपले,
इंग्रजी विषय शिक्षक