सुभेदार भाऊजी, तुमचे आभार राहूनच गेले होते

सुभेदार भाऊजींना नमस्कार.

मी बोलतेय आणि सूनबाई मोबाइलवर लिहितेय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा टाका" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहायचं ठरवलं. आपल्या माण तालुक्यात घरटी फौजी. ज्यांचा मुलगा मिशनवर आहे अशी आणखी एखादी आई हे वाचेल.

धाकट्याला मिशन लागलं तेव्हा मला ते गाव म्हणतासुद्धा येत नव्हतं. मलाकाल. तुम्हीच नकाशा पसरून दाखवलंत: हा दक्षिण सुदान, २०११ साली वेगळा झाला, तेव्हापासून तिथं युनोचं मिशन आहे, आणि ही बाजूनं गेलीय ती पांढरी नाईल. आपली फौज तिथं जनावरांचा दवाखानाही चालवते हे ऐकलं आणि माझा जीव जरा खाली बसला. पोरगं आरव्हीसीतलं, म्हणजे फौजेच्या जनावरांच्या डॉक्टरी खात्यातलं, गुरांत रमणारं. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडच्या चारा छावणीत आमची गुरं होती, तेव्हा शाळा सुटली की हा तिथंच असायचा. आता तो सांगतो, तिकडच्या गाईंची शिंगं आपल्या खिल्लारपेक्षाही मोठी, आणि पोरीच्या लग्नात मुलाकडच्यांनी गाई मोजून द्यायच्या. मी म्हटलं, मग तुझं तिकडं काही जमायचं नाही, आपल्याकडं तीनच आहेत.

हे असं हसून बोलणं आमचं रोजचं. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याच्याकडं संध्याकाळचे पाच, तेव्हा फोन यायचा. रेंज मिळाली तर.

श्रावणात हे विहिरीच्या पायरीवरून घसरले. तुम्ही रात्री अकराला जीप काढलीत, साताऱ्याला नेलंत, मांडीत रॉड बसेपर्यंत बाकावर बसून राहिलात. त्याचे आभार मी मानत बसत नाही, ते फेडता यायचे नाहीत. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

घरी आल्यावर मी सगळ्यांना तंबी दिली होती की धाकट्याला कळता कामा नये. परमुलखात, बंदुका चालतात अशा जागी पोरगं उभं आहे, त्याच्या डोक्याला घोर कशाला? फोन आला की "बाबा रानात गेलेत", "बाबा आत्ताच झोपले", "बाबा तालुक्याला गेलेत". तीन आठवडे. ह्यांना कॉटवरून सगळं ऐकू यायचं, आणि फोन ठेवला की हे भिंतीकडं तोंड करायचे. मग तो तुम्हाला फोन करून विचारेल म्हणून मी तुमच्याकडं आले, तुम्हीही हेच सांगा म्हणाले.

तुम्ही रागावला नाहीत. ओट्यावर बसलात आणि सोमालियाची गोष्ट काढलीत. १९९३-९४ साली तुम्ही बैदोआला होता. तुमच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं, गावातले मास्तर पत्र लिहायचे आणि खाली वडील अंगठा उठवायचे. एक पत्र असं आलं, त्यात "सर्व खुशाल" दोनदा लिहिलेलं आणि खाली अंगठाच नाही. पुढचं पत्र यायला दीड महिना लागला. "वहिनी, त्या दीड महिन्यात मी मनातल्या मनात बाराव्यापर्यंत सगळं उरकलं होतं," असं म्हणालात. आणि झालं काय होतं? चुलवणावर अंगठा भाजला होता, फडकं बांधलेलं होतं. एवढंच!

मी गप्पच झाले.

मग सांगायचं कसं तेही तुम्हीच शिकवलंत. "आधी शेवट सांगा. बाबा घरी आहेत, जेवतायत, वॉकर धरून चालतायत, हे पहिलं वाक्य. मग पडल्याचं. पडण्यापासून सुरुवात केली तर पुढचं त्याच्या कानातच शिरणार नाही." तारखा खऱ्या सांगा, नंतर त्या जुळल्या नाहीत की पुढच्या प्रत्येक बातमीवर तो शंका घेईल. लपवलं हेही कबूल करा. आणि त्याला काहीतरी काम द्या, कारण तिथून धावून येता येत नाही, हात रिकामे राहिले की माणूस कुढतो. बांधावरच्या भांडणाचं मात्र काढू नका म्हणालात. ते मी ऐकलं नाही हो, दुसऱ्या आठवड्यात सांगून टाकलं. पोटात राहत नाही माझ्या.

त्या रात्री मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. हे वॉकर धरून समोर उभे राहिले, धोतर नीट करून. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढचं विसरले. ते ह्यांनीच सांगितलं. पोरगं बराच वेळ काही बोललं नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, "कुठला पाय?" डावा म्हटल्यावर म्हणाला, "मला ठाऊक होतं काहीतरी झालंय. तू सकाळी आवाज पाठवायचीस ना, त्यात मागं कपिली लाथा मारत होती, बादली वाजत होती. ती बाबांशिवाय कुणाला हात लावू देत नाही. म्हणजे धार तू काढत होतीस."

बघा भाऊजी. तुमच्याकडं अंगठा, आमच्याकडं बादली.

काम काय द्यायचं ते मला सुचत नव्हतं, ते कपिलीनंच दिलं. ती गाभण होती, दिवस भरत आले होते. त्यानं तिथून रोज फोटो मागवले, कास केव्हा उतरली विचारलं, गोठ्यात कोरडं काड पसरायला लावलं. दसऱ्याच्या आदल्या पहाटे व्याली, कालवड झाली. ह्यांनी खुर्चीत बसून वार पडल्याची वर्दी स्वतः दिली त्याला, अगदी तुमच्या फौजी थाटात. तो म्हणाला, इकडं पाऊस थांबलाय, काळ्या चिखलात गाड्या रुतायच्या ते बंद झालंय. कुठं जातोस, कधी जातोस हे मी विचारत नाही. तुम्ही सांगितलंय ते पाळते, स्टेटसलाही काही टाकत नाही. दोन दिवस फोन आला नाही तर टीव्ही बंद ठेवते.

कालवडीचं नाव त्यानं नाईल ठेवलंय. सगळं गाव तिला नायली म्हणतं.

आता एक राहिलं. तुमची शुगर वाढलीय आणि पायाची जखम भरत नाहीय, हे मला अक्कांकडून कळलं. पुण्याच्या लेकीला तुम्ही "सर्व खुशाल" सांगितलंय म्हणे. आज साडेआठला आमच्याकडं या. माझ्याच मोबाइलवरून तिला लावू, तांब्या आहेच. पहिलं वाक्य कुठलं ते तुम्हाला सांगायला नको.

तुमची,
धाकट्याची आई