दुरुस्तीचे सॉफ्टवेअर चोरवाटेनेच का मिळावे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाईल दुरुस्तीला देताना घ्यायच्या काळजीबद्दलचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. दुरुस्ती करणारे ‘संशयास्पद हॅकिंग सॉफ्टवेअर’ वापरतात, असे त्यात एका ओळीत उरकले आहे. मी हेच काम करते. ती ओळ अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण हे सॉफ्टवेअर असे संशयास्पद जागेवरून का आणावे लागते, हे लेखकाने विचारलेलेच नाही.

लोगोवर अडकलेला फोन पुढे ठेवून लोक म्हणतात, ‘ताई, सॉफ्टवेअर मारून द्या.’ फोनच्या मेमरीत बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम), सिस्टीम, मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग), ग्राहकाचा डेटा असे वेगवेगळे विभाग असतात. अपडेट अर्ध्यात तुटले किंवा मेमरी खराब व्हायला लागली की यातला एखादा विभाग बिघडतो आणि फोन पुढे सरकत नाही. तो विभाग संगणकावरून नव्याने लिहायचा, याला आम्ही फ्लॅशिंग म्हणतो. सॅमसंगसाठी ओडिन लागते, मीडियाटेकची चिप असेल तर एसपी फ्लॅश टूल, क्वालकॉमची असेल तर क्यूफिल. बटणांच्या नोकियाच्या काळात फिनिक्स होते. यातले एकही कुणा हॅकरने लिहिलेले नाही. फोन किंवा चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी कारखान्यासाठी आणि आपल्या सर्व्हिस सेंटरसाठी केलेली ही अवजारे आहेत. ओडिन सॅमसंगने सर्वसामान्यांसाठी कधीच अधिकृतपणे दिले नाही, तरी जगभर फोन दुरुस्त करणाऱ्यांच्या संगणकावर ते असते. कुठून तरी बाहेर आले आणि हातोहात पसरले.

लोकांना वाटते, अवघड भाग फोनमध्ये असेल. निम्मा वेळ तर संगणकाला फोन ‘दिसावा’ यातच जातो. आधी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला फोनशी बोलता यावे म्हणून लागणारा प्रोग्रॅम. ६४ बिटांचे विंडोज डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही, मग संगणक वेगळ्या पद्धतीने सुरू करून सहीची तपासणी बंद करावी लागते. मीडियाटेकचा बंद फोन केबलला लावला की त्याचा प्रीलोडर पोर्ट (फोन सुरू होतानाची पहिली जोडणी) विंडोजच्या डिव्हाईस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, जेमतेम क्षणभर दिसतो आणि जातो. तेवढ्यात ड्रायव्हर आणि टूल दोन्ही तयार असतील तरच काम सुरू होते. क्वालकॉमचा मेलेला फोन नीट जोडला गेला तर ‘९००८’ आकड्याचा पोर्ट दाखवतो. ड्रायव्हर नसेल तर त्या जागी ‘क्यूयूएसबी बल्क’ असले काहीतरी नाव येते आणि नवखा मुलगा मदरबोर्ड गेला म्हणून मोकळा होतो. कित्येकदा दोष केबलचा असतो, नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्यांदा केबल ओळखायला लावते. त्यांना ते फार कंटाळवाणे वाटते.

आता संशयाचा भाग. ही टूल्स अधिकृतपणे मिळत नाहीत, म्हणून ती कुठल्या तरी अनोळखी दुव्यावरून उतरवायची. झिप फाईलबरोबर सूचना येते: आधी अँटिव्हायरस बंद करा. परवान्याचे कुलूप तोडलेल्या प्रोग्रॅमवर अँटिव्हायरस तसाही ओरडतो, त्यामुळे हा इशारा पोकळ आहे की आत खरोखर पासवर्ड चोरणारे काही बसवले आहे, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नाही. कंपनीने मूळ फाईल कधी जाहीरच केली नाही, मग ताडून पाहायचे कशाशी? सॅमसंगच्या फर्मवेअर (फोनमध्ये चढवायचे मूळ सॉफ्टवेअर) फाईलच्या शेपटाला एमडी५ बेरीज, म्हणजे फाईलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, असते आणि ओडिन ती तपासते, पण त्यावरून पाकीट वाटेत फाटले नाही इतकेच समजते; पत्र कोणी लिहिले ते समजत नाही. फर्मवेअरच्या बाबतीत निदान फोनचा बूटलोडर कंपनीची सही तपासतो आणि परकी फाईल नाकारतो. संगणकावर चालणाऱ्या टूलची अशी तपासणी कुणीच करत नाही. म्हणून या कामाचा संगणक मी वेगळा ठेवते. त्यावर ईमेल नाही, बँक नाही, कुणाचे फोटो नाहीत. असा वेगळा संगणक आहे का, हे विचारायला आपल्या लेखकांनी वाचकांना सांगितले असते तर जास्त उपयोग झाला असता.

अवजार आडमार्गाने येते, तसे ते वापरण्याचे ज्ञानही ऐकीवच. एसपी फ्लॅश टूलमध्ये ‘डाउनलोड ओन्ली’ आणि ‘फॉरमॅट ऑल’ हे पर्याय एकाच यादीत शेजारी शेजारी आहेत. दुसरा निवडला की फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि नेटवर्कच्या रेडिओची जुळणी ज्यात असते तो मेमरीतला एनव्हीरॅम नावाचा भागही पुसला जाऊ शकतो. फोन झकास सुरू होतो आणि सिम मात्र चालत नाही. ओडिनमध्ये सीएससीच्या (देश आणि सिम कंपनीनुसारच्या सेटिंग्जच्या) रकान्यात साधी सीएससी फाईल घातली तर ग्राहकाचा सगळा डेटा जातो, ‘होम सीएससी’ घातली तर सहसा राहतो. फोनच्या बूटलोडरपेक्षा जुन्या बूटलोडरची फाईल चढवायला गेले तर फोन सरळ नकार देतो. हे सगळे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असायला हवे, आणि ते मॅन्युअल बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही. मग ज्याला माहीत नाही तो ग्राहकाच्या फोनवरच शिकतो. याचा मला जास्त राग येतो.

टूल्स उघडी केली तर चोरांचे फावेल, असे कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. आयएमईआय बदलणे, चोरीच्या फोनचे गूगल खात्याचे कुलूप काढणे, ही कामे दुरुस्ती नव्हेत. बिलाशिवाय कुलूप काढून मागणाऱ्याला मी परत पाठवते. पण मूळ फर्मवेअर पुन्हा चढवण्याने ते कुलूप निघत नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर आलेल्या या कुलपाची नोंद वेगळ्या विभागात असते, आणि नेहमीच्या पद्धतीने सही असलेले फर्मवेअर चढवले तर ती जागच्या जागी राहते. म्हणजे फर्मवेअर आणि ते चढवायचे साधन खुले केल्याने चोराच्या हाती फारसे काही लागत नाही. चोराला लागणारी टूल्स तर आजही पैसे मोजून मिळतात.

हे अशक्य आहे असेही नाही. गूगल पिक्सेलच्या फर्मवेअर फाईली आपल्या संकेतस्थळावर ठेवते, प्रत्येकीपुढे एसएचए-२५६ ही पडताळणीची बेरीज छापते, आणि त्या चढवायचे साधन ब्राउझरमध्येच चालते. मोटोरोलाच्या फोनसाठीही कुणालाही उतरवता येईल असा दुरुस्तीचा अधिकृत प्रोग्रॅम आहे. अॅपलने २०२२ पासून काही देशांत ग्राहकाला स्वतः भाग बदलण्याची सोय सुरू केली. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी जे नियम लागू झाले, त्यांत एखादा भाग अनुक्रमांकाने फोनशी बांधलेला असेल तर तो पूर्ण चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना भेदभाव न करता द्यावे, असे बंधन आहे. तिथे विकणाऱ्या कंपन्या त्याच आहेत.

लेखातली दुसरी भीती, दुरुस्तीवाला फोटो काढून घेतो ही. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये डेटा कूटबद्ध असणे सक्तीचे आहे आणि ते उघडायला ग्राहकाचा पिन किंवा पॅटर्न लागतो. तो नसेल तर नुसत्या फ्लॅशिंगच्या टूलने मेमरीतून वाचला तरी तो डेटा म्हणजे निरर्थक आकडे. धोका आहे तो पिन कागदावर लिहून फोनला चिकटवून देण्यात, आणि असे करणारे ग्राहक कमी नाहीत. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये डिसेंबर २०२३ पासून रिपेअर मोड आहे. तो लावून फोन द्या, आतले खासगी काही दिसत नाही. अर्थात लोगोवर अडकलेल्या फोनवर तो लावणार कसा, हा प्रश्न उरतोच. तिथे बॅकअप आधीच घेतलेला असणे एवढाच उपाय.

विषय पुन्हा घेणार असाल तर एक सुचवते. या वेळी दुरुस्ती करणाऱ्यांऐवजी कंपन्यांच्या प्रतिनिधींना विचारा. तुमच्या प्रत्येक मॉडेलचे मूळ फर्मवेअर तुम्ही स्वतः का प्रसिद्ध करत नाही? विकलेल्या फोनचा ड्रायव्हर तुमच्या संकेतस्थळावर विंडोजला चालेल अशा सहीसकट का नाही? आणि सर्व्हिस सेंटरमध्ये जे टूल तुमचा माणूस वापरतो, ते शुल्क आणि ओळखपत्र घेऊन बाहेरच्या तंत्रज्ञाला देण्यात नेमकी अडचण कोणती? उत्तरे जशी येतील तशी छापा.

आपली,
मोबाईल दुरुस्ती करणारी एक वाचक