त्या पिवळ्या पावडरीमागचा सरकारी पैसा

महोदय,

‘नॅनो-बिनोवर (म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या संशोधनावर) सरकारने पैसा कशाला घालवावा, आधी दवाखान्यांत खाटा द्या,’ असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. खाटा हव्यातच. पण मी तीस वर्षे इंदूरच्या दवा बाजारात होलसेल औषधांच्या दुकानात काढली आहेत आणि खाट मिळूनही माणूस कसा अडतो, ते मे २०२१ मध्ये घरातच पाहिले आहे.

धाकट्या भावाला कोरोनानंतर म्युकर, म्हणजे काळी बुरशी झाली. डोळ्याखाली सूज, टाळूवर काळा डाग. खाट मिळाली, ऑपरेशनही लगेच झाले. मिळेना ते लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन, हे बुरशी मारणारे इंजेक्शन. वजन ६० किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायली रोज. ज्या बाजारात हयात गेली, तिथे मला एक व्हायल मिळाली नाही. नाइलाजाने पाच दिवस साधे अ‍ॅम्फोटेरिसिन दिले. बाटली लावली की तासाभरात अशी हुडहुडी भरायची की पलंग वाजायचा. भावजय त्याचे पाय दाबून धरायची. मूत्रपिंडाचे काम बिघडले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन ०.९ वरून २.६ वर गेले.

सहाव्या दिवशी व्हायली आल्या. सिस्टरने पिवळ्या पावडरीत १२ मिली पाणी घालून व्हायल जोरजोरात हलवली, बारीक फिल्टरमधून औषध डेक्स्ट्रोजमध्ये सोडले. त्या रात्री भाऊ शांत झोपला. डोळा गेला, जीव वाचला.

औषध दोन्हींत एकच. दुसऱ्यात ते चरबीच्या, शंभर नॅनोमीटरहूनही (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान गोळ्यांत बसवलेले असते. त्यामुळे मूत्रपिंडाला होणारा त्रास बराच कमी होतो. हे चरबीचे फुगे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसले, तेही जनावरांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणाऱ्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत. म्युकरचे औषध तिथे कुणी शोधत नव्हते. अमेरिकेत या इंजेक्शनला मंजुरी मिळायला १९९७ उजाडले. इतकी वर्षे कुठली कंपनी वाट पाहते? आपल्याकडेही मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि दिल्ली विद्यापीठात यावर काम झाले, त्यातून भारतीय इंजेक्शन बाजारात आले. मी स्वतः त्याची बिले फाडली आहेत.

म्हणून नॅनोचा पैसा कमी करा, हे मला पटत नाही. २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार संशोधनावर देशाचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्केच होता. २००७ मध्ये केंद्राने नॅनो मिशन या संशोधन योजनेसाठी पाच वर्षांचे १,००० कोटी मंजूर केले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शोधनिबंध भरपूर निघाले. माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. प्राण्यांवरच्या चाचण्या, माणसांवरच्या चाचण्या, निर्जंतुक कारखान्यातली पहिली बॅच, यांचा खर्च प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून निघत नाही, आणि नफ्याची खात्री नसेल तर कंपनी पुढे येत नाही. चांगले काम तिथेच अडकते.

आपल्या इंदूरचेच बघा. कॅट या केंद्र सरकारच्या संशोधन केंद्रात इंडस-२ हे प्रखर क्षकिरण देणारे यंत्र आहे, नॅनो पदार्थांची रचना त्या क्षकिरणांत तपासता येते. आयआयटी आहे, एमजीएम मेडिकल कॉलेज आहे. या तिघांना मिळून औषधाच्या चाचण्यांसाठी वेगळा, निदान दहा वर्षांचा निधी द्यावा. तयार झालेले औषध सरकारी रुग्णालये ठरावीक प्रमाणात घेतीलच, अशी लेखी हमीही द्यावी. त्याशिवाय कुणी बॅच काढणार नाही. आमच्या खासदारांनी हे संसदेत मांडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त औषध व्यावसायिक, राजेंद्र नगर, इंदूर