चार नांगर आणि चार शुभवर्तमानं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्रेषित पौलाच्या रोमच्या समुद्रप्रवासावरचा लेख वाचला. लेखकांच्या भक्तिभावाबद्दल आदरच आहे. वादळ म्हणजे संसार, तारू म्हणजे मंडळी (चर्च), इथवर ठीक. पण ‘चार नांगर म्हणजे चार शुभवर्तमानं’, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं, हे वाचलं आणि हात टेकले.

बायबलच्या नव्या करारातलं लूकचं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 27 उघडून पाहावा. चौदाव्या रात्री खलाशांना जमिनीची चाहूल लागते. खोली मोजायला बुडीद टाकतात, 20 वाव (सुमारे सहा फुटांचा एक वाव). थोडं पुढे जाऊन पुन्हा टाकतात, 15. खडकावर आदळण्याच्या भीतीने ते वरामाकडून, म्हणजे तारवाच्या मागच्या बाजूने, चार नांगर सोडतात. नाळेकडून, म्हणजे पुढच्या बाजूने, का नाही? वारा पाठीमागचा. नाळेकडून नांगर धरला असता तर तारू गर्रकन फिरलं असतं. फिरता फिरता खडकावर जायची भीती, आणि सकाळी ते पुन्हा किनाऱ्याकडे वळवायचं कसं? मागून धरल्यामुळे नाळ रात्रभर किनाऱ्याकडेच राहिली. उजाडल्यावर फक्त नांगरांचे दोर तोडायचे, सुकाण्यांची बंधनं सोडायची, पुढचं शीड उभारायचं आणि तारू सरळ रेतीवर घालायचं.

40 वी ओवी हेच सांगते. चारही नांगर समुद्रातच राहिले! लेखकांच्या हिशेबाने खलाशांनी चारही शुभवर्तमानं बुडवून माल्टाचा किनारा गाठला म्हणायचा.

अर्थ नाही असं नव्हे. तो लूकच्या शब्दांत आहे. नाळेकडूनही नांगर टाकतो अशी बतावणी करत खलाशी मचव्यातून (तारवावरच्या छोट्या होडीतून) पळू पाहतात, तेव्हा पौल शताधिपतीला (रोमी लष्करी अधिकाऱ्याला) बजावतो की हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. इथलं ‘वाचणं’ ग्रीकमध्ये ‘सोझो’, आणि नव्या करारात तारणासाठीही, म्हणजे पापातून सुटकेसाठीही, हेच क्रियापद. मराठीत दोन वेगळे शब्द आले आणि दुवा तुटला. तारवावरच्या 276 जणांचा जीव खलाशांच्या कसबावर टांगलेला होता, हे लूक लपवत नाही. लेखकांनी त्या कसबालाच रूपकात गुंडाळून टाकलं.

जाता जाता लेखासोबतच्या चित्राबद्दल. त्यात दाखवलेलं सुकाण्याचं गोल चाक अठराव्या शतकातलं. पौलाच्या काळी वरामाच्या दोन बाजूंना दोन मोठी सुकाणूवल्ही असत. शिवाय चित्रात नांगर एकच आहे, आणि तोही नाळेकडून सोडलेला.

— एक वाचक, वसई